मनबसिया नव्हे, बाशा

कॅसेटला कव्हर नव्हतं. पारदर्शक डबीत नुसती कॅसेट, वर छापलेली इंग्रजी अक्षरं अर्धी घासून गेलेली, आणि जी उरली होती ती मी वाचली "बसिया". आता इंदूरच्या माणसाने बसिया वाचलं की आधीचं मन आपोआप लागतंच, मनबसिया, मग कृष्ण आला, पिचकारी आली, ब्रज आलं. मी सासूबाईंना म्हटलं, आई, काकांच्या खोक्यात होरीची कॅसेट निघाली बघा. त्या कोथिंबीर निवडत होत्या, म्हणाल्या, लाव की मग.

लावली तर सांबा.

म्हणजे सांबा हा ब्राझीलचा नाचाचा ताल, पण तेव्हा असले शब्द मला सुचले नाहीत, ते मुलाने नंतर सांगितलं. तेव्हा एवढंच कळलं की पियानो तालात ठोकून राहिलाय, मागे काहीतरी खुळखुळतंय, ब्रासबँडवाले मधेमधे हजेरी लावून जातात आणि एक बाई इंग्रजीत गाऊन राहिलीय. आवाज जाड, घोगरा नाही, पण खालून येणारा, विहिरीत उतरून कोणी गावं तसा. मला वाटलं आई आता बंद कर म्हणतील. त्या जुडी हातात धरून दोन मिनिटं ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "ही कोण गं? खर्ज छान आहे हिचा."

तर हा रिव्ह्यू त्या कॅसेटचा, म्हणजे बाशा नावाच्या गायिकेच्या टाइम अँड टाइड या अल्बमचा आहे, आणि थोडासा आमच्या टू-इन-वनचा, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकात असलेल्या डबड्याचा पण, कारण या अल्बमची आणि माझी ओळख त्या डबड्याने करून दिली आणि चुकीची करून दिली, हे पुढे येईलच.

आमचे एक काकासासरे ऐंशीच्या दशकात मस्कतला होते. रामबागेतलं त्यांचं घर गेल्या दिवाळीनंतर रिकामं करायला घेतलं तेव्हा भांडी एकाने नेली, कपाटं दुसऱ्याने नेली आणि कॅसेटींचं खोकं कोणालाच नको होतं म्हणून ते आमच्याकडे आलं. भीमसेनजी, कुमारजी, नाट्यगीतं, दोन-तीन गझला, आणि तळाशी ही. काका स्वतः असलं काही ऐकत असतील असं घरात कोणालाच वाटत नाही. आमच्या मिस्टरांची थिअरी अशी की तिकडे कोणीतरी भेट दिली असणार आणि फेकवली नाही म्हणून राहिली. मला तसं वाटत नाही. डबी धुळीची होती पण कॅसेट मधोमध थांबलेली होती, कोणीतरी अर्धी ऐकून ठेवून दिलेली.

नाव शोधायला मुलाला बसवलं, अकरावीत आहे, कीबोर्ड वाजवतो आणि आपल्याला सगळं माहीत आहे अशा थाटात असतो. त्याने पाच मिनिटांत सांगितलं की हे बसिया नाही, बासिया पण नाही, उच्चार बाशा आहे, पोलंडची आहे, बार्बारा नावाचं लाडाचं रूप. आडनाव त्शेत्शेलेफ्स्का. हे आडनाव आमच्या घरात आठवडाभर चाललं, भाजीवाल्याला पैसे देताना पण कोणीतरी म्हणून घ्यायचं. अल्बमचं नाव टाइम अँड टाइड, १९८७चा, एपिक कंपनीचा, आणि तिचा एकटीच्या नावावरचा पहिला.

नाव ऐकून मी हसले कारण आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, टाइम अँड टाइड वेट फॉर नन, आणि त्याच भिंतीखाली उशिरा येणाऱ्यांना उभं करायचे. हिने मात्र त्या म्हणीचं उलटंच केलंय. गाण्यात म्हणते की आता आपल्याला कोणी अडवू शकत नाही, या वेळी हे टिकणार. भिंतीखाली उभं राहिलेल्या पोरीने लिहावं तसं.

थोडं तिच्याबद्दल, कारण मला स्वतःला हे वाचून मजा आली. जन्म १९५४चा, गाव याव्होझ्नो, कोळशाच्या खाणींचा भाग, आणि घरचं आइस्क्रीमचं दुकान. हे आईस्क्रीमवालं मी आईंना सांगितलं तर त्यांना ती एकदम घरची वाटायला लागली, दुकानदाराची पोरगी म्हणजे कामाला वाघ असणार असं त्यांचं म्हणणं. आधी पोलंडमध्ये अलिबाबकी नावाचा बायकांचा ग्रुप होता त्यात गायची, म्हणजे पाच-सहा जणींनी मिळून सूर जुळवायचं शिक्षण तिथलं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे. मग थोडे दिवस शिकागो, मग १९८१च्या सुमारास लंडन. तिथे डॅनी व्हाइट नावाचा कीबोर्डवाला भेटला आणि दोघं मॅट बियांको नावाच्या बँडमध्ये होते. मॅट बियांको हा कोणी माणूस नाही बरं का, नुसतंच बँडचं नाव आहे, मी तासभर त्या माणसाचा फोटो शोधत होते. १९८४ला त्यांचा अल्बम आला, चालला, आणि लगेच ही दोघं बाहेर पडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. दोन-तीन वर्षांनी आला तो हा अल्बम. गाणी मुख्यतः दोघांची, प्रोड्यूस पण दोघांनीच केलेला. गिटारवर डॅनीचा भाऊ पीटर व्हाइट, तो पुढे स्वतः मोठा गिटारवाला झाला.

आता डबड्याकडे येते.

आमचा टू-इन-वन माळ्यावर पंधरा-वीस वर्षं पडलेला. लावल्यावर चालला याचंच सगळ्यांना कौतुक, त्यामुळे तो बरोबर चालतोय का हे कोणी विचारलं नाही. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी स्वयंपाक करताना ती कॅसेट लावायची. आणि मला ती बाई भयंकर आवडायला लागली. जड, संथ, थोडी थकलेली, सगळं माहीत असलेली बाई. टाइम अँड टाइड हे गाणं तर असं वाटायचं की रात्रीचे दीड वाजलेत, सराफ्यातली, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीतली, गर्दी ओसरलीय, एखादाच जोशीबुवा दहीवडा उडवून राहिलाय आणि ही कुठल्यातरी ओट्यावर बसून गाते आहे. आईंना पण तेच आवडलं. त्या घरी गाणं शिकवायच्या, पंचवीस वर्षं शिकवलं, आणि अतिविलंबित गाणाऱ्या अमीर खाँसाहेबांच्या गावातली बाई आहे ती, सावकाशीचं त्यांना वावडं नाही, उलट कोणी घाई केली की त्यांचं डोकं फिरतं.

मग एक दिवस मुलगा फोनवर तोच अल्बम लावून आला. म्हणाला, हे ऐक.

मी म्हटलं ही दुसरीच कोणीतरी आहे.

तरुण, चटपटीत, आवाज वर चढलेला, गाणं टकाटक पुढे पळतंय. तीच चाल, तेच शब्द, पण जी बाई माझ्या ओट्याशी तीन आठवडे उभी होती ती ही नव्हे. आईंनी पेटी काढली. फोनवरचं गाणं लावलं, सूर पकडला, मग कॅसेट लावली, तर कॅसेटमधला सूर खाली उतरलेला, जवळजवळ पेटीची एक पट्टी, म्हणजे अर्धा सूर, आणि वर स्थिर पण नाही, मधेच हेलकावतो. मुलाने हिशोब सांगितला की एक पट्टी खाली म्हणजे स्पीड साधारण सहा टक्के कमी, चार मिनिटांचं गाणं सव्वाचार मिनिटं चालतंय. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर सरकायला पाहिजे, ती सरकत नव्हती, एवढीच गोष्ट. बाई थकलेली नव्हती, आमच्या डबड्यातला फीत फिरवणारा रबराचा बेल्ट थकलेला होता.

खरं सांगते, मला फसवल्यासारखं झालं. दोन-तीन दिवस मी काहीच लावलं नाही.

डबडं दुरुस्तीला नेण्याआधी मी एक गाढवपणा केला तो पण सांगून टाकते, दुसऱ्या कोणाचे पैसे वाचतील. ऑनलाइन एक नवा स्वस्त कॅसेट प्लेअर मागवला, दिसायला जुन्या वॉकमनसारखा. त्याचा खरखराटच एवढा की गाण्याच्या आधी पाऊस सुरू झाल्यासारखं वाटायचं, शिवाय त्याचा स्पीड उलट जास्त, त्यामुळे बाशाबाई एकदम बालवाडीत. परत केला. कोणाला कॅसेट ऐकायच्याच असतील तर नवीन स्वस्त प्लेअरच्या नादी लागू नका, घरातला जुना बरा करून घ्या, जुन्यांच्या आत निदान लोखंड आहे.

महारानी रोडच्या मागच्या बाजूला एक म्हातारे मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे टू-इन-वन नेला. त्यांनी मागचं झाकण उघडलं, बेल्ट बोटावर घेतला आणि मला दाखवला, च्युइंगमसारखा लोंबत होता. "मैडम, ये तो रबड़ नहीं रहा, हलवा हो गया." बेल्ट बदलला, रबराचा रोलर स्पिरिटने पुसला, कापूस काळा निघाला तो पण मला दाखवला, डॉक्टर दाखवतात तसा. मग म्हणाले आता स्पीड कशाने मिळवायचा, तुमच्याकडे हे गाणं दुसरीकडे आहे का. मी फोन दिला. मोटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असतं, त्याच्या आत एक स्क्रू. एका कानाशी माझा फोन, समोर कॅसेट, आणि ते छोट्या पेचकसने तो स्क्रू केसभर केसभर फिरवत राहिले. दोन्हीकडे तेच गाणं, आधी दोन बायका भांडत असल्यासारखं, मग जवळ येत येत एक लाट, मग ती लाट लांबत गेली आणि एका क्षणी दोन्ही आवाज एक झाले. मी तिथे उभी राहून ते ऐकलं. आईंना घरी येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं तंबोरा असाच तर लावतात.

अजून एक काम त्यांनी केलं. कॅसेटच्या आत फितीच्या मागे नमद्याचा एक छोटा तुकडा असतो, पितळेच्या पट्टीवर चिकटवलेला, तो फितीला हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. आमच्यातला तो तुकडा गळून पडलेला, म्हणून तार सप्तकातलं सगळं बसलेलं होतं, खुळखुळे वगैरे लांबून यायचे. कॅसेट पाच स्क्रूची होती म्हणून उघडता आली, चिकटवलेली असती तर फोडावी लागली असती. एका रिकाम्या कॅसेटमधला तुकडा काढून यात लावला. सगळे मिळून साडेतीनशे रुपये घेतले आणि वर चहा त्यांनीच पाजला. पाच स्टार, हा भाग इथेच संपला.

आता अल्बम, बरोबर स्पीडचा, स्वच्छ.

पहिल्या दोनदा ऐकताना मला तो हॉटेलच्या लॉबीतला वाटला. एसी चालू आहे, फुलदाणीत खोटी फुलं, आणि मागे हे वाजतंय. ऐंशीच्या दशकातला मशीनचा ड्रम आहे, एकसारखा, कोरडा, जणू कोणी टेबलावर पट्टी मारतंय. कीबोर्डचे ते चकचकीत आवाज आहेत जे तेव्हा फार मॉडर्न वाटले असतील आणि आता लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटची आठवण करून देतात. सगळं इतकं पॉलिश की बोट ठेवलं तर घसरेल. ज्यांना जॅझ म्हणजे घाम, धूर, चुकतमाकत सापडलेली जागा असं वाटतं त्यांनी इथे येऊ नये, इथे कोणी चुकतच नाही. हा पॉप आहे, कपडे जॅझचे घातलेत, आणि काही ठिकाणी ब्राझीलचे.

पण तीन आठवडे मी हिला संथ ऐकलं होतं ना, त्याचा फायदा इथे झाला. मला माहीत होतं की या चकचकाटाच्या खाली काय आहे. जलेबीच्या घाण्यावर जसं आपण वरचा फेस बघत नाही, खाली तळाशी काय फिरतंय ते बघतो, तसं मी ऐकायला लागले. आणि खाली तिचाच आवाज आहे. नुसता एक नाही. तीन, चार, कधी त्याहून जास्त. मागे साथीला ज्या बायका गाताहेत असं वाटतं त्या कोणी दुसऱ्या नाहीतच, सगळी तीच आहे, एकावर एक रेकॉर्ड केलेली. आईंनी आधी विचारलं होतं, या बहिणी आहेत का गं, घरातल्याच वाटतात. मी सांगितलं की ही एकटीच आहे. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आपल्याकडे एक गायक, एक ओळ, बाकी सगळे त्याच्या मागे. संगतीला बसलेला शिष्य पण तेच सूर घेतो किंवा गुरूने सोडलेली जागा भरतो. इथे मुख्य बाई एक सूर लावते आणि त्याच क्षणी तिच्याच दोन आवृत्त्या वेगळेच सूर लावतात आणि तरी बेसूर होत नाही. मुलाने आईंना कीबोर्डवर दाखवलं, आधी सा ग प दाबलं, आई म्हणाल्या हो हे ठीक, मग त्यात शुद्ध नी घातला आणि वरचा रे पण घातला. "अरे हे तर एकमेकांना घासून राहिलेत," आई म्हणाल्या. तो म्हणाला, आजी, तेच तर जॅझ आहे, घासायचं पण भांडायचं नाही. मग तेच सूर बाशाच्या मागच्या आवाजात कुठे येतात ते त्याने थांबवून थांबवून ऐकवलं. मला अर्धंच कळलं पण एवढं कळलं की ती अलिबाबकीमधली मुलगी लंडनला येऊन एकटी पडली तर तिने आख्खा ग्रुप स्वतःच्याच गळ्यातून उभा केला. हे माझं म्हणणं आहे, तिने असं कुठे म्हटलंय असं नाही.

प्रॉमिसेस पहिलं गाणं, तेच ते होरी समजून लावलेलं, आणि ते चांगलं दार आहे, आत बोलावतं. न्यू डे फॉर यू माझं सध्याचं आवडतं, सकाळी पोहे वाफवताना लावावं असं, कोणाचं तरी मन मोडलंय आणि मैत्रीण सांगतेय की ऊठ, तुझा दिवस आता उजाडतोय, आणि सांगताना ती रडत बसत नाही, ताल धरते. दोन-तीन गाणी एकमेकांसारखी आहेत, नावं सांगत नाही कारण दर वेळी माझी वेगळी दोन गोंधळतात. प्राइम टाइम टीव्ही नावाचं एक आहे, ते मी पुढे ढकलते. ढकलते म्हणजे कॅसेटवर फॉरवर्ड दाबून थांबायचं, मग अंदाजाने सोडायचं, हमखास पुढच्या गाण्याची पहिली ओळ जाते.

आणि ॲस्ट्रुड. या एका गाण्यासाठी मी हा सगळा प्रपंच लिहायला बसले. हे ब्राझीलच्या ॲस्ट्रुड जिल्बेर्तोला वाहिलेलं गाणं आहे. पन्नासच्या दशकाच्या शेवटी रिओमध्ये बोसा नोव्हा सुरू झालं, सांबाचा ताल गिटारच्या बोटांत आणून हळू, कानात बोलल्यासारखं गायचं. ॲस्ट्रुड ही त्यातल्या मोठ्या गायकाची, झुआंव जिल्बेर्तोची बायको. १९६३ला न्यूयॉर्कमध्ये तो आणि सॅक्सोफोनवाला स्टॅन गेट्झ रेकॉर्डिंग करत होते, इंग्रजी ओळी गायला कोणीतरी पाहिजे होतं आणि ही तिथे होती. व्यावसायिक गायिका नव्हती. गळा हलवायची नाही, मुरकी नाही, जोर नाही, सरळ सूर लावून सोडून द्यायची, आणि पुढच्या वर्षी अल्बम आला तेव्हा जगाने तिलाच डोक्यावर घेतलं. २०२३ला गेली. तर बाशा तिच्यासाठी गाते तेव्हा स्वतःची सगळी आतषबाजी थोडी आवरते. जी बाई बाकी अल्बमभर सुरांचे मजले चढवत असते ती इथे खाली अंगणात येऊन बसते. मला वाटतं आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतात ना, हे तसं आहे, फक्त हात न लावता.

मी मूळ ॲस्ट्रुड पण मग ऐकली. तिच्यासमोर बाशा जास्त शिकलेली, जास्त मेहनती आणि थोडी कमी जादूची वाटते. हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण आहे ते आहे.

लोक हिची तुलना शाडे नावाच्या गायिकेशी करतात, दोघी लंडनच्या, दोघी एपिकच्या, शाडेचा पहिला अल्बम १९८४चा. मला ते अर्धंच पटतं. शाडे जागा रिकामी सोडते, दोन ओळींच्या मध्ये तुम्ही उठून खिडकी लावून येऊ शकता. बाशा जागा सोडतच नाही, घर भरलेलं, पाहुणे आलेत, पोरं पळून राहिलीत. ज्यांना शांतता पाहिजे त्यांनी शाडे ऐका. आमच्याकडे संध्याकाळी सहा ते आठ शांतता तशीही नसते. आणि तरी गंमत बघा, बेल्ट ढिला होता तेव्हा हीच बाई शाडेच्या गल्लीत जाऊन बसली होती.

तिचा दुसरा अल्बम लंडन वॉर्सा न्यूयॉर्क, १९९०चा, मुलाने लावला होता. तो जास्त सफाईदार आहे, गाणी जास्त लक्षात राहतात, ज्याला एकच ऐकायचा आहे त्याने कदाचित तोच घ्यावा. पण मला पहिल्यातली हावरट घाई आवडली, दोन माणसांनी बँड सोडलाय आणि आता आपल्याला जे जे येतं ते सगळं एकाच ताटात वाढायचंय, पापड पण, कुरडई पण, मठ्ठा पण. हा पहिला चालला पण जोरात, विशेषतः अमेरिकेत, दहा लाखांवर गेला. म्हणजे आपल्याला माहीत नव्हती एवढंच, जगाला माहीत होती. मस्कतपर्यंत आली होती आणि रामबागेत तीस-पस्तीस वर्षं खोक्यात बसून होती.

घ्यायचा की नाही. ऐकायला फोनवर सगळा आहे, पैसे घालवायची गरज नाही. इअरफोन लावून ऐका, स्पीकरवर मागचे आवाज एकमेकांत मिसळून जातात आणि मग खरंच लॉबी होते. मशीनच्या ड्रमकडे पहिले दोन दिवस दुर्लक्ष करा, तिसऱ्या दिवशी ऐकू येत नाही, पंख्याच्या आवाजासारखा. एका बैठकीत सगळा ऐकू नका, गोड जास्त होतं, चार गाणी आणि मग काहीतरी तिखट. माझे साडेतीन स्टार, आईंचे चार, मुलगा म्हणतो अडीच पण तो दार लावून ऐकतो हे मला माहीत आहे.

एक राहिलं. आईंना अजून ती जुनीच, संथ बाई पाहिजे असते. मुलाने फोनवर व्हिडिओचा स्पीड कमी करून लावून दिलं, पण फोन हुशार आहे, लय मंद करतो आणि सूर होता तिथेच ठेवतो. कॅसेटीत दोन्ही बरोबर उतरायचे, लय पण आणि गळा पण. आईंनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाल्या, "नाही रे, ही झोपेतून उठवून गायला बसवल्यासारखी गाते. ती तशी नव्हती." मग तो कंप्युटरवर काहीतरी खटपट करून दोन्ही खाली आणून आला, एक पट्टी मोजून, तर ते बरोबर होतं पण हेलकावा नव्हता, आणि आईंना हेलकावा पण पाहिजे.

कॅसेट विकणार का म्हणून दोघांनी विचारून झालंय, नाही विकणार. जुना बेल्ट मेकॅनिकने फेकायला काढला होता, तो मी मागून आणला. बडीशेपेच्या रिकाम्या डबीत ठेवलाय, झाकणाला चिकटून बसला असेल आता.